द्रोणाचार्यांचा पक्षी कोणी घडवला?



शाळांतून चालणाऱ्या स्मृतिव्याख्यानमाला बहुधा संस्थापकांच्या, देणगीदारांच्या किंवा एखाद्या नामवंत मुख्याध्यापकांच्या नावाने असतात. आपल्या शाळेची ही माला मात्र हस्तव्यवसायाच्या शिक्षकांच्या नावाने चालते. ज्या विषयाचे गुण शेवटच्या बेरजेत कधी धरले गेले नाहीत, त्या विषयाच्या शिक्षकांची आठवण विद्यार्थ्यांनी इतकी वर्षे जपावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून निमंत्रण आले तेव्हा संतसाहित्य, नवकविता किंवा सीमाभागातील मराठी यांपैकी एखादा माझ्या नेहमीच्या अभ्यासाचा विषय न घेता, सरांच्या खोलीला शोभेल असा विषय मी मागून घेतला. आज मी लाकडाचे पक्षी कोरण्याच्या छंदाविषयी बोलणार आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकते. मी या शाळेची विद्यार्थिनी असले तरी सरांची विद्यार्थिनी नव्हे. त्या काळी हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण अशी वाटणी असे. मराठीत शिवण नावाचे झाडही आहे आणि त्याचे लाकूड कोरीव कामाला उत्तम, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळले. एका शिवणीकडून दुसऱ्या शिवणीकडे यायला मला साठ वर्षे लागली. घराच्या खिडक्या दुरुस्त करायला आलेल्या एका वृद्ध मेस्त्रींनी मला पटाशी धरायला शिकवले. गेली पंधरा वर्षे बेळगावातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी पक्षी कोरते आहे. विद्यापीठात चाळीस वर्षांत मला जे शिकता आले, त्याला या पडवीने काही भर घातली. ती आपल्यापुढे ठेवावी, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम 'छंद' या शब्दाकडे पाहू. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी येतो. वृत्त, पद्यरचनेचे नियमबद्ध माप, हा एक अर्थ. आवड, नाद, मनाची ओढ हा दुसरा. संस्कृतात 'छन्दस्' आणि 'छन्द' अशी दोन रूपे आहेत. मराठीने ती एकाच शब्दात सामावली. वरवर पाहता हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. वृत्त म्हणजे बंधन आणि आवड म्हणजे मोकळीक. पण कोणताही छंद थोडा काळ केलेल्या माणसाला या दोहोंत विरोध दिसत नाही. लाकूड कोरू लागले की पहिल्याच दिवशी समजते की येथे आपली इच्छा चालत नाही. लाकडाला रेषा असतात. त्यांच्या कलाने पाते नेले तर ढलपी लोण्यासारखी निघते. उलट नेले तर पाते आत घुसते आणि नको तेवढा तुकडा निघून येतो. मेस्त्री मला म्हणत, "बाई, लाकडाला ढकलू नका. ते कुठं जायचं म्हणतंय ते आधी बघा." कवीला अक्षरगण पाळावे लागतात, तसे कोरणाऱ्याला लाकडाचे गण पाळावे लागतात. ज्याला छंद लागला आहे, त्याने छंद पाळला पाहिजे, असे आपल्या भाषेने एका शब्दात सांगून ठेवले आहे.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते. या सभागृहातील प्रत्येकाने लहानपणी एक गोष्ट ऐकली आहे. द्रोणाचार्य शिष्यांची परीक्षा घेतात. झाडावर एक पक्षी असतो. युधिष्ठिराला झाड, गुरू, भाऊ, पक्षी असे सगळेच दिसते, म्हणून त्याला बाजूला केले जाते. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो आणि तो उत्तीर्ण होतो. शिक्षक म्हणून आपण सर्वांनी ही गोष्ट एकाग्रतेचा धडा म्हणून सांगितली आहे. आजही परीक्षेच्या आधी ती सांगितली जाते.

महाभारताच्या आदिपर्वात ही कथा जशी आहे तशी वाचली तर दोन गोष्टी नजरेत भरतात. पहिली अशी की तेथे अर्जुनाला पक्ष्याचे डोके दिसते. डोळा हा लोकपरंपरेने घातलेला अलंकार आहे. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तो पक्षी जिवंत नव्हता. द्रोणांनी शिल्पकारांकडून एक कृत्रिम पक्षी करवून घेतला होता आणि तो झाडाच्या शेंड्यावर ठेवला होता. कशाचा केला होता, हे तेथे सांगितलेले नाही. तो लाकडाचा असावा, असे मला आपले वाटते. पक्ष्याचे नाव दिले आहे: 'भास'. कोशकार त्याचा अर्थ गिधाडाच्या वर्गातला पक्षी असा देतात.

क्षणभर त्या शिल्पकाराचा विचार करू. अर्जुनाला डोके दिसले, तेवढ्याने त्याचे काम झाले. पण ज्याने तो पक्षी घडवला, त्याला केवळ डोके पाहून चालले नसेल. मान किती वाकते, पंख मिटल्यावर शेपटीच्या कुठवर येतात, पायांची बोटे फांदीला कशी धरतात, अंगाचा भार कुठे पडतो, हे सारे त्याला पाहावे लागले असेल. आणि पक्षी झाडावर बसलेला वाटायचा, तर झाडही पाहावे लागले असेल. म्हणजे युधिष्ठिराला जे दिसले त्याहूनही अधिक त्या कारागिराला दिसणे भाग होते. युधिष्ठिराला ज्या पाहण्यासाठी अनुत्तीर्ण केले, त्याच पाहण्यावर परीक्षेचे साहित्य तयार झाले होते. गुरूचे नाव राहिले, शिष्याचे राहिले. कारागिराचे नाव कोणी नोंदवले नाही.

पंचतंत्रातही असेच घडते. विष्णूचे रूप घेऊन राजकन्येकडे जाणाऱ्या कोष्ट्याची कथा आपणांस ठाऊक असेल. त्याला उडता यावे म्हणून त्याचा रथकार मित्र लाकडाचा गरुड करून देतो. पुढे सगळी कथा कोष्ट्याची होते. रथकार पहिल्या काही पानांतच मागे पडतो.

नेम साधणाऱ्याचे पाहणे आणि घडवणाऱ्याचे पाहणे ही दोन वेगळी पाहणी आहेत, हे माझे आजचे प्रतिपाद्य आहे. दोन्हींची गरज असते. पण शाळेने पहिल्याचीच सवय लावली आणि दुसरे विसरून गेली, तर मुलांचे मोठे नुकसान होते, असे मला वाटते.

हे दुसरे पाहणे म्हणजे काय, ते पडवीतल्या कामाच्या आधाराने सांगते. चिमणी आणि साळुंकी हे आपल्या अंगणातले पक्षी. जन्मभर पाहिलेले. पण चिमणी कोरायला घेतली की प्रश्न येतो, तिचे पाय कसे ठेवायचे? पाहिले तर ध्यानात येते की चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. साळुंकी मात्र माणसासारखी एकापुढे एक पाय टाकीत चालते. म्हणून चिमणीचे पाय शेजारी शेजारी आणि साळुंकीचे पुढेमागे. ज्याला आपण पक्ष्याचा मागे वळणारा गुडघा समजतो, ती त्याची टाच असते. खरा गुडघा पिसांत दडलेला असतो. सुतारपक्षी खोडावर बसतो तेव्हा ताठ शेपटीचा टेकू घेतो. शेपटी खोडापासून सुटी कोरली की तो पडेल असे वाटू लागते. खंड्याला मान जवळजवळ नसतेच आणि चोच अंगाच्या मानाने फार मोठी असते. एवढ्या चोचीचा पक्षी पुढे तोल जाऊन न पडता बसतो कसा, हे समजल्याशिवाय तो लाकडात बसत नाही.

कामाची रीत साधी आहे. प्रथम ठोकळ्यावर पक्ष्याची बाजूची आकृती काढायची, मग वरून दिसणारी. दोन्ही आकृत्यांप्रमाणे करवतीने कापले की चौकोनी अंगाचा एक ओबडधोबड पक्षी हाती येतो. मग कडा गोल करीत जायचे. आधी पटाशी, मग चाकू, मग कानस, शेवटी पॉलिश कागद. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधोमध पेन्सिलीने एक रेघ ओढलेली असते. कोरताना ती ढलपीबरोबर निघून जाते, आणि गेली की लगेच पुन्हा ओढायची असते. ती न ओढता पुढे गेले तर पक्षी हळूहळू एका अंगाला कलतो आणि ते शेवटपर्यंत कळत नाही. चोच आणि शेपटी लाकडाच्या रेषेच्या दिशेने यावी लागतात. मान वळवलेला पक्षी हवा असेल तर चोच रेषेला आडवी येते आणि जराशा धक्क्याने मोडते. तेथे चोच वेगळी कोरून बसवावी हे बरे. डोळ्यांच्या जागा ठरवायला दोन्ही बाजूंना टाचण्या टोचून समोरून पाहायचे. एका डोळ्याची टाचणी दोन गव्हांएवढी वर गेली तरी पक्षी वेडसर दिसतो. रंग अगदी शेवटी. आकार चुकला असेल तर रंग त्याला तारू शकत नाही.

लाकडांत शिवण मला अधिक प्रिय. ते हलके, फिकट रंगाचे, वाळल्यावर सहसा न वाकणारे. पांगारा त्याहूनही हलका आणि मऊ. नवशिक्याच्या हाताला तो सोपा जातो. पानगळीनंतर पांगाऱ्याला लालभडक फुले येतात आणि त्यांतल्या मधासाठी साळुंक्या, कावळे, बुलबुल झाडावर गर्दी करतात. ज्या फांदीवर साळुंकी बसत होती, तिच्याच लाकडातून साळुंकी काढायची, यात एक वेगळे समाधान आहे.

हे काम आपल्या भागाला नवे नाही. आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडी, तेथील चितारी मंडळींची लाकडी फळे आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकला हलक्या लाकडाची खेळणी करणारी घराणी आहेत. पलीकडे कोप्पळ जिल्ह्यात किन्नाळ आहे. तेथील रंगीत गरुड अनेक देवळांनी आणि घरांनी पाहिला आहे. आणि आपल्या प्रत्येकाच्या पाळण्यावर टांगलेले चिमणाळे? आकाशातला पक्षी पाहण्याच्या कितीतरी आधी आपल्यापैकी पुष्कळांनी लाकडाचा पक्षी पाहिला आहे. या कारागिरांसमोर माझ्यासारख्या हौशी माणसाने नम्र असले पाहिजे. त्यांना दिवसाला ठरावीक नग पूर्ण करायचे असतात. त्यांचा पोपट पिढ्यान्‌पिढ्या हातात बसलेला असतो. मला एका तांबटामागे महिना घालवता येतो, कारण त्यावर माझी चूल पेटायची नसते. छंद ही सवड असलेल्याची चैन आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

आता थोडे भाषेविषयी. मराठीची प्राध्यापक म्हणून मी चातक, चकोर आणि हंस वर्षानुवर्षे शिकवले. चातक फक्त पावसाचे थेंब पितो, चकोर चांदणे पितो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो. हे कविसंकेत आहेत आणि त्यांनी आपल्या काव्याला अमाप दिले आहे. पण चातक कोरायला घेतला की संकेत उपयोगी पडत नाही. चातकाला डोक्यावर तुरा असतो, पाठ काळी, पोट पांढरे, पंखावर पांढरा ठिपका, शेपटी लांब. तो कोकिळेच्या कुळातला. अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो आपल्याकडे येतो, म्हणून पावसाशी त्याचे नाते जुळले. कवीने त्याची तहान पाहिली, पण तुऱ्याकडे लक्ष दिले ते रानात राहणाऱ्याने.

त्या रानात, शेतात राहणाऱ्या माणसांनी पक्ष्यांना नावे कशी दिली, ते पाहा. तांबट, शिंपी, सुतार, परीट, खाटीक, कोतवाल, कुंभारकावळा आणि सुगरण. ही एका गावाची वस्तीच आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ज्याचा आवाज, तो तांबट. पानांच्या कडा धाग्याने शिवून जो घरटे करतो, तो शिंपी. पाण्याकाठी शेपटी आपटीत राहतो, तो परीट. पकडलेले किडे काट्यांना टोचून ठेवतो, तो खाटीक. ज्या समाजाने हाताने काम करणाऱ्यांना पंक्तीत फारसे पुढे बसवले नाही, त्याच समाजाच्या बोलीने झाडांवर मात्र त्यांची वस्ती बसवली. या नावांत पाहणे आहे, कान आहे आणि कारागिराच्या हाताची ओळख आहे. भाषा शिकवणाऱ्यांनी चातकाइतकेच तांबटाकडेही लक्ष द्यावे, असे मला आता वाटते.

येथे मारुती चितमपल्ली यांचे कृतज्ञतेने स्मरण करते. सोलापूरच्या तेलुगू भाषक घरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने मराठीला 'पक्षिकोश' दिला. रानातल्या माणसांकडून त्यांनी शब्द वेचले. २००६ साली सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. एका भाषेच्या घरात जन्मून दुसऱ्या भाषेची एवढी सेवा करता येते, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता जरा दूरच्या देशातले एक उदाहरण देते, कारण पक्षी कोरण्याचा छंद आज जेथे सर्वाधिक रुजला आहे, तो देश अमेरिका आहे. तेथे या कलेचा उगम शिकारीत आहे. पाण्यावर खोटी बदके सोडायची. त्यांना पाहून खरी बदके खाली उतरतात आणि बंदुकीच्या टप्प्यात येतात. ही युक्ती फार जुनी. नेवाडा राज्यातील लव्हलॉक येथील एका गुहेत १९२४ साली लव्हाळ्यांची केलेली अकरा बदके सापडली. तेथील मूळ रहिवाशांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती केली होती. पुढे पूर्व किनाऱ्यावर लाकडी बदकांचा मोठा धंदा झाला. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी पक्ष्यांची इतकी बेसुमार हत्या झाली की आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबूतर नामशेष झाले. त्या जातीतला शेवटचा ज्ञात पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या बाजारी शिकारीवर बंदी आली.

मग लाकडी बदकांचे काय झाले? मेरीलँडमधील क्रिसफील्ड या किनाऱ्यावरच्या गावात लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोन भाऊ होते. धंद्याने न्हावी. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते बदके कोरीत. आरंभी ती शिकाऱ्यांसाठीच असत. पण बदकाची मान वळवावी, पिसांची छटा नेमकी यावी, असा ध्यास त्यांना लागला. हळूहळू लोक त्यांची बदके पाण्यात सोडण्याऐवजी घरात ठेवू लागले. स्टीव्ह १९७६ साली आणि लेम १९८४ साली वारला. त्यांच्या नावाने सॅल्सबरी या गावी पक्षिशिल्पांचे संग्रहालय उभे राहिले. मारण्यासाठी केलेली वस्तू पाहण्यासाठी केली जाऊ लागली, हा प्रवास मला फार बोलका वाटतो. द्रोणांचा पक्षीही बाण मारण्यासाठीच होता.

असाच प्रवास आपल्याकडे एका माणसाच्या आयुष्यात घडला. सलीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी मुलाला हाकलून न देता कप्प्यांतून ठेवलेले पक्षी एकामागून एक दाखवले. नेम धरणारा मुलगा त्या दिवशी पाहणारा झाला. १९४१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक माझ्या पडवीत कायम उघडे असते. त्यात पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर अशा परिचित पक्ष्यांच्या तुलनेने सांगितला आहे. कोरणाऱ्याला याहून चांगले माप मिळणार नाही. ज्ञात वस्तूवरून अज्ञाताकडे नेणे ही तर आपल्या अध्यापनशास्त्राची पहिली पायरी.

श्रोतेहो, आता पुन्हा त्या 'भास' पक्ष्याकडे यावे लागते. तो गिधाडाच्या वर्गातला, असे मी म्हटले. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडे उतरत. १९९० नंतरच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. पण तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ च्या तुलनेत हजारात एक एवढी उरली होती. कोट्यवधींच्या थव्यांचे हे असे झाले आणि बराच काळ कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही. गिधाड कुरूप, अमंगळ. त्याच्याकडे कोण पाहतो?

मागच्या वर्षी मी गिधाड कोरले. माझ्या शेजारचा सातवीतला मुलगा रोज येऊन बघत असे. पूर्ण झाल्यावर त्याने विचारले, "आजी, हा खरा असतो का?" द्रोणांच्या वेळी खरा भास रानात होता, म्हणून कृत्रिम करता आला. या मुलाच्या वाट्याला कृत्रिम आधी आला आहे, आणि खरा त्याच्या वाट्याला येईल की नाही हे आपल्या हाती आहे. नेम साधण्यात प्रवीण झालेल्या पिढ्यांनी बाजूचे झाड पाहिले नाही, फांद्या पाहिल्या नाहीत, त्याचे हे फळ आहे. गुरे वाचवायची हा नेम बरोबर होता. मेलेल्या गुरांवर जगणारेही कोणी असते, हे त्यात दिसले नाही.

म्हणून हा विषय निवृत्त माणसाच्या करमणुकीपुरता नाही, शाळेचा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला रूप दिले. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकू द्यावे, असे म्हटले आहे. प्रत्येक पिढीने ही गोष्ट नव्याने मान्य केली आणि वेळापत्रकातला तो तास प्रत्येक वेळी गणिताला किंवा इंग्रजीला गेला. यात शिक्षकांचा दोष काढण्याचा माझा विचार नाही. पालकांना गुण हवे असतात आणि शाळांना निकाल.

माझा थोरला भाऊ सरांचा विद्यार्थी होता. तो सांगे की नवा ठोकळा हाती देण्यापूर्वी सर मुलांना मैदानाकडेच्या खिडकीशी उभे करीत आणि काय काय दिसले ते विचारीत. उत्तराला गुण नसत. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. अर्जुनासारखे एकच उत्तर देणाऱ्याला सर म्हणत, "आणखी?" त्या एका शब्दात सरांचे सगळे अध्यापनशास्त्र होते, असे मला आज वाटते.

सरांची ती खोली आता संगणकांची झाली आहे. ते योग्यच आहे. संगणकावाचून आजच्या मुलांचे चालायचे नाही. पण माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक मागणे ठेवते. त्या खोलीच्या मागच्या भिंतीशी एक दणकट टेबल आणि एक कपाट पुन्हा ठेवावे. कपाटात सहा करवती, सहा पटाश्या, कानशी, चाकू, एक गिरमिट आणि पांगाऱ्याचे ठोकळे असावेत. सातवीच्या प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने वर्षभरात एक पक्षी करावा. कोणता करायचा ते त्याने स्वतः पाहून ठरवावे आणि त्याचे मराठी नाव, शेजारच्या घरात चालणारे कन्नड नाव, दोन्ही शोधून खाली लिहावे. शिकवायला शहरातल्या एखाद्या मेस्त्रींना सन्मानाने, मानधन देऊन बोलवावे. गुण देऊ नयेत. माझ्याकडची हत्यारे आणि वाळवून ठेवलेले शिवणीचे लाकूड मी या कामासाठी शाळेला देऊ केले आहे. संचालक मंडळाने त्याचा स्वीकार करावा, अशी विनंती आहे.

एवढ्याने गिधाडे परत येतील असे मी म्हणणार नाही. सगळी मुले कारागीर होतील असेही नाही. बहुतेकांचा पक्षी वाकडाच होईल. पण पाय कुठे ठेवायचे म्हणून ज्याने एकदा चिमणीकडे तासभर पाहिले, तो पुढे डॉक्टर झाला, हिशेबनीस झाला, औषधे बनवणारा झाला, तरी एखाद्या वेळी थांबून 'आणखी?' असे विचारील. ज्याला अर्जुन व्हायचे असेल त्याने जरूर व्हावे. पण द्रोणांना परीक्षा घेता यावी म्हणून ज्याने पक्षी घडवला, त्याचीही जागा शाळेत असावी. या शाळेत ती एकेकाळी होती, याची साक्ष या व्याख्यानमालेचे नावच देते.